झाकण न ठेवता

घरात दारू गाळायची, हे एक वेळ आनसाबाईंनी पोटात घातलं असतं. पण भलं मोठं पातेलंभर सातू शिजवायचे, पंधरवडा त्यांना तान्ह्या पोरासारखं जपायचं आणि मग एक घोट घेऊन सगळं सिंकमध्ये ओतून द्यायचं, ही कुठली रीत?

"शिळ्या भाकरीला फोडणी देऊन खाणारीच्या पोटचा तू," त्या प्रल्हादला म्हणाल्या. "देवानं हात दिल्यात ते ओतायला का रं?"

"बिघडली होती, आई."

"मागच्या खेपेला पण बिघडली हुती. दारू बिघडती का तू?"

प्रल्हादनं नळ सोडला आणि फेस वाहून जाईपर्यंत पाठमोरा उभा राहिला.

आनसाबाई बार्शीहून परदेशात, लिक्सलिपला आल्या त्या तीन महिन्यांसाठी. मग विमानं बंद झाली, तिकीट पुढे गेलं, परत पुढे गेलं, आणि आता दुसरा पाडवा तोंडावर आला तरी त्या लेकाच्या घरातच होत्या. शाळा चौथीपर्यंत, पण त्यांच्या काळ्या मसाल्यासाठी गल्लीतल्या बीए झालेल्या सुना डबा घेऊन दारात उभ्या राहायच्या, आणि हे त्या कुणालाही विसरू देत नसत. लेक चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर, सून वृंदा हॉस्पिटलात डॉक्टर, नात रेवा मराठी ऐकायची आणि इंग्रजीत उलटून बोलायची.

पब बंद पडले तसं प्रल्हादनं घरीच पेल एल करायला घेतली होती. पेल एल म्हणजे फिकट सोनेरी, कडवट बीअर. मोड आणून वाळवलेले सातू गरम पाण्यात भिजवायचे, ते पाणी गाळून उकळायचं, त्यात हॉप्स नावाची वाळकी हिरवी फुलं टाकायची. कडूपणा त्यांचा, वासही त्यांचाच. मग यीस्ट घालून बादली हॉटप्रेसमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात ठेवायची. तिथं आनसाबाईंचं दही लागायचं, म्हणून त्यावरूनही एकदा तंटा झाला होता.

दर खेपेला तो एकच गोष्ट बदलायचा. कधी हॉप्स शेवटी टाकायचे, कधी दुसऱ्या जातीचे आणायचे. "चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशानं काय झालं कळत नाही," तो वृंदाला सांगत होता तेव्हा आनसाबाई कोथिंबीर निवडत होत्या. त्यांना ते पटलं. मसाल्यात त्याही असंच करत. पण तसं बोलून दाखवलं नाही. पोरगं चढलं असतं.

उलट संक्रांतीला त्यांनी भांडणच काढलं होतं. "तुझा तो उग्र वास माझ्या देव्हाऱ्यापर्यंत येतो. देवांनी काय पाप केलं?" तेव्हापासून तो पातेल्यावर झाकण ठेवून उकळायला लागला. त्याच महिन्यात घरादाराला कोरोना झाला. आठवडाभर सगळी पडून राहिली आणि उठली. आणि त्यानंतरच हे ओतणं सुरू झालं.

पाडव्याला कडुलिंब मिळेना. लिक्सलिपमध्ये कुठून मिळणार? वृंदा म्हणाली, "आई, हॉप्स घेऊ या? कडूच असतात. देव समजून घेईल."

आनसाबाईंनी कपाळाला आठी घातली, पण गूळ-ओव्यात ती फुलं चुरली आणि सगळ्यांच्या हातावर ठेवली. रेवानं तोंडात घातलं आणि थेट सिंककडे पळाली. "आजी, दॅट्स रँक! यक!" वृंदानं डोळे मिटून गिळलं. आनसाबाईंच्या जिभेला तर मुंग्या आल्या. प्रल्हाद मात्र फुटाणे खावेत तसा चावत उभा होता, डोळे मोबाइलवर.

आनसाबाईंनी ते पाहिलं. आत गेल्या आणि प्रल्हादच्या वाटीपुरती कटाची आमटी वेगळी काढली, मीठ घालायच्या आधीच.

जेवताना त्यांनी विचारलं, "आमटी कशी झालीय?"

"एक नंबर, आई."

"मीठ न्हाई तिच्यात."

पुरणपोळीचा तुकडा प्रल्हादच्या हातातच राहिला. रेवानं आधी बापाकडे, मग आजीकडे पाहिलं. वृंदानं वाटी ओढून चाखली आणि पुरतं समजली. "प्रल्हाद, तू म्हणाला होतास वास-चव फेब्रुवारीतच परत आली."

"येईल वाटलं होतं."

"आरं, म्हंजी तवापासून माझं जेवण तू..." आनसाबाईंनी आमटीची पळी खाली ठेवली. रोज दोन वेळा तो छान म्हणत होता, आणि रोज त्या मनातून फुलत होत्या. लाकडाचा भुसा वाढला असता तरी छान म्हणाला असता.

"तुम्हाला वाईट वाटलं असतं," प्रल्हाद म्हणाला. "आणि बीअरचं म्हणाल तर मला पाण्यासारखी लागते. चांगली की वाईट, काही कळत नाही. कळत नाही ते कुणाला पाजू? म्हणून ओतली. शनिवारी शेजारचा माणूस सगळं सामान घेऊन जाणार आहे. मला नाही आता जमणार."

हे तो हसत बोलला, म्हणून आनसाबाईंना जास्त लागलं. लहानपणी आजारी पडला की असाच हसायचा. सामान देऊन टाकतोय म्हणजे नाक परत येणार नाही हे यानं मानून टाकलंय, एवढं त्यांना कळलं.

जेवणं झाल्यावर त्या म्हणाल्या, "कपाटात ओतायच्या राहिलेल्या दोन-चार बाटल्या हायेत न्हवं? एक ओत गिलासात."

"तुम्ही पिणार?" वृंदाचे डोळे विस्फारले.

"मेल्यावर. नैवेद्याचा सैपाक चाखतात का गं? जन्मभर न चाखता केला. नुसत्या वासावर मीठसुदिक सांगते मी. तू सांग की याला, कशी झालीय."

"मला सगळ्या बीअर सारख्याच कडू लागतात, आई."

"मग बस गप."

प्रल्हादनं ग्लास पुढे केला. आनसाबाईंनी पदर सावरला, नाक जवळ नेलं, मागे घेतलं, पुन्हा नेलं. "वर पपनसाच्या सालीचा वास हाय. चांगला हाय. पण खाली..." त्या थांबल्या. "मका. कणसं उकडून टोपल्यात झाकून ठेवल्यागत. चांगल्या वासावर बसलाय मेला."

प्रल्हाद ताडकन उठला. "मका? नक्की?"

"मी काय तुझ्यागत आजारी हाय?"

"झाकण!" तो म्हणाला. "उकळताना वाफेबरोबर तो वास निघून जायला हवा. मी झाकण ठेवत होतो. थोडी फट ठेवली होती, पुरेल वाटलं. नाक असतं तर पहिल्याच खेपेला..."

तो बोलता बोलता अडखळला. झाकण कुणामुळे आलं, हे घरात तिघांना माहीत होतं. आनसाबाई उठल्या आणि ताटं गोळा करायला लागल्या.

"शनिवारी त्या माणसाला येऊ नको म्हणावं," त्या मागे न वळता म्हणाल्या. "आणि उघडं उकळ. देवांना मी समजावते."

त्यानं उघडं उकळलं. काचा घामेजल्या, वास जिन्यावरून वर चढला, देव्हाऱ्यात शिरला. आनसाबाईंनी दोन उदबत्त्या जास्त लावल्या आणि स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसल्या. हॉप्स टाकायची वेळ आली की प्रल्हाद मूठ त्यांच्या नाकाशी धरायचा. "ही का ती?" "ही न्हाई, हिला वाळक्या गवताचा वास हाय. ती पपनसाची दे. शेवटी टाक, फोडणी आधी जाळून ठेवत न्हाईत." तो हसला, पण तसंच केलं.

जूनच्या सुरुवातीला, संध्याकाळचं ऊन मागच्या अंगणात रेंगाळत असताना, त्यानं पहिली बाटली उघडली. वृंदानं घोट घेऊन "कडूच आहे, पण बरी कडू आहे" असा निकाल दिला. प्रल्हादनं घोट तोंडात घोळवला, थांबला, आईकडे पाहिलं. आनसाबाई ग्लास हुंगत होत्या. पपनस होतं, पावाच्या कडेचा खरपूस वास होता. मका नव्हता.

"छान आहे ना?" प्रल्हाद म्हणाला.

"तुला लागली का छान?"

"नाही. काहीच नाही लागली."

आनसाबाईंनी ग्लास खाली ठेवला.

"हां. आता खरं बोललास. मग ऐक, दारू चांगली झालीय. तू अजून झाला न्हाईस. हुशील तवा हुशील, तवर माझं नाक वापर, फुकट हाय. पण चव येईस्तवर माझ्या आमटीला पुन्हा एक नंबर म्हणालास, तर पुढचं ताट उचलून नेईन."