दोन आठवडे मागचा आवाज

नंदनवन वस्तीतल्या घरात प्रेमानंद पुढच्या खोलीत कंप्युटरवर लग्नपत्रिका तयार करायचा, आणि आतल्या खोलीत त्याची बायको कौसल्या अंथरुणाला खिळलेली. लेकीनं, दीप्तीनं, आत जुना लॅपटॉप ठेवला, त्याला माइक लावला आणि वायफायवरून आतला आवाज पुढच्या स्पीकरवर आणून दिला. आईनं हाक मारली की बापानं उठावं, एवढंच काम.

तेवढंही त्याला जमलं नाही बघा! त्या गुरुवारी दुपारी आपल्या पोरीची लग्नपत्रिका ठरवायला गिऱ्हाईक आलं होतं. मंगल कामाला आलेल्या माणसांच्या कानावर आजाऱ्याचं कण्हणं कशाला, म्हणून या शहाण्यानं स्पीकर बंद केला. गिऱ्हाईक गेल्यावर आत जाऊन पाहतो, तर कौसल्या गार पडलेली.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे पांगले. स्पीकर त्यानं त्याच दिवशी परत सुरू केला होता; तो किंवा लॅपटॉप बंद करायला मात्र त्याचा हात उठेना. ती गेल्यावर बारा दिवसांनी, मंगळवारी, स्पीकर खोकला. तो खोकला त्यानं हजारांत ओळखला असता. मागोमाग दीप्तीचाच आवाज आला, "आई, सूप घेते का वं?" हे तर बरोबर दोन आठवड्यांपूर्वीचं बोलणं!

दीप्तीनं दोन्ही मशीन धुंडाळल्या. "पप्पा, रेकॉर्डिंग कुठंच नाही. मले भेव लागून राहिलं. बंद करून टाकू."

"हात नको लावू वं! परवा गुरुवार आहे. तिनं मले हाक मारली होती का, तेवढं ऐकू दे. नसंल मारली, तं मी सुटलो."

गुरुवारी दीप्ती ऑफिसला गेली. यानं फोन उचलले नाहीत, कुलर बंद केला आणि घामाघूम होऊन स्पीकरपाशी बसला. अडीचच्या सुमारास आवाज आला, "अवो, इकडे येता का जरा?"

मारली होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

"अवो, लवकर या ना!"

आता बसवेना. स्टूल पाडून तो आत धावला, साठीचा माणूस, दोन आठवडे उशिरा. खाट रिकामी होती, चादरीची घडी घातलेली होती. तो मटकन खाली बसला.

तेवढ्यात पुढच्या खोलीत स्पीकरवर स्टूल पडल्याचा आवाज झाला, मग धावती पावलं वाजली. ती थांबली, आणि कौसल्या म्हणाली, "आले तुम्ही? बसा. आता बरं वाटून राहिलं मले."