बारा ते चौदा

शनिवारी दुपारी तीनला त्या हॉलमध्ये बारा टेबलांवर अठ्ठेचाळीस माणसं बसतात आणि कुणी बोलत नाही. उंच खिडक्यांना पिवळट पडदे आहेत. त्यातून गाळून आलेलं ऊन हिरव्या कापडावर उतरतं आणि हळूहळू पुढे सरकतं. पानं ठेवल्याचा आवाज, खुर्चीची कुरकुर, कुणाचं तरी दबकं खोकणं, बस्स. मी चष्म्याच्या दुकानात तीस वर्षं गिऱ्हाइकांशी बोलून घसा बसवलेली बाई. सुरुवातीला ही शांतता मला खायला उठायची. आता तिथे गेलं की उघड्या डोळ्यांनी झोपल्यासारखं वाटतं, आणि ते बरं वाटतं.

माझा दादा आणि वहिनी तिथे एकतीस वर्षं जोडीने ब्रिज खेळले. गेल्या वर्षी दादा गेला. त्यानंतर वहिनीने पानांना हात लावला नाही. घर टापटीप, कुंड्यांना पाणी, जेवण वेळेवर, सगळं करायची. पण काही विचारलं की उत्तर यायला इतका वेळ लागायचा, की वाटायचं ती आतल्या खोलीत जाऊन ते शोधून आणतेय. मला एरवी धीर धरवत नाही, राग नाकावर असतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण खरं सांगते, त्या वर्षी मला राग नव्हता, भीती होती. दादा गेला तो गेला, हीपण हळूहळू त्याच्या मागून चालली होती. मग मला माझं म्हणायला कुणी उरलं नसतं.

म्हणून मी तिच्या मागे लागले. तीन महिने भुणभुण केली, तेव्हा कुठे ती कंटाळून म्हणाली, "एकदा येते. जमलं नाही तर पुन्हा कधी विचारायचं नाही. शब्द दे." मी दिला. देऊन बसले आणि मग धसका घेतला.

ब्रिजमध्ये समोरच्या जोडीदाराला आपली पानं दाखवायची नसतात, बोलीतून सांगायची असतात. एक्क्याचे चार गुण, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक. सगळ्या पत्त्यांचे मिळून चाळीस. काही वेळा पानं समतोल येतात, म्हणजे कुठला रंग फार नाही आणि कुठला अगदीच नाही असं नाही. घरातली सगळी माणसं जेवायला हजर असावीत तशी. त्यांची बोली 'एक नो ट्रंप', म्हणजे हुकमाचा रंग कुठलाच नाही. पण ती किती गुणांवर करायची, हे ज्या त्या जोडीने आपसात ठरवायचं असतं. दादा-वहिनीचं ठरलेलं होतं बारा ते चौदा. मी शिकले ती, बहुतेक जण शिकतात तशी, पंधरा ते सतरा.

यावरून मी दादाशी किती भांडलेय! आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, बारा गुणांवर कसली तोंडं उघडता, असं मी म्हणायची. तो हसायचा. भरपूर येईल तेव्हा बोलू म्हणणारा जन्मभर गप्प बसतो, म्हणायचा. रोज हाती येतात ते बारा-चौदाच. आकडेमोडीत तो बरोबर होता, पण ते मी त्याला कधी कळू दिलं नाही.

वहिनीला माझ्यासमोर बसवायचं ठरलं तेव्हा मी पंधरा ते सतरा जाहीर करून टाकलं. तिला काय हवं ते विचारलंसुद्धा नाही. चार दुपारी दुकान बंद ठेवून काउंटरवर सराव केला. तिच्या पाठीमागे अक्षरांचा तक्ता, वर मोठी, खाली बारीक होत गेलेली. मी पानं मांडायची, ती गुण मोजायची आणि मान डोलवायची. एकदाही चुकली नाही. मी मनात म्हटलं, जमलं की!

शनिवारी आम्ही खिडकीजवळच्या टेबलावर बसलो. हे त्यांचंच टेबल होतं, हे माझ्या ध्यानात आलं नाही. मी दादाच्या खुर्चीत बसले होते. वहिनी सावकाश खेळत होती, पण नीट. ऊन तिच्या हातावर होतं. तिची नजर माझ्या डोक्यावरून कुठेतरी जायची आणि पुन्हा पानांवर यायची. दोन तास असे गेले. शेवटच्या फेरीला एक दंतवैद्य आणि त्याची बायको आमच्याशी खेळायला आले. शेवटचं वाटप राहिलं. तोवर आम्ही बऱ्यापैकी वर होतो.

बोली तोंडाने करायची नसते. प्रत्येकाजवळ छापील चिठ्ठ्यांची पेटी असते, त्यातली चिठ्ठी काढून समोर ठेवायची. वहिनीने 'एक नो ट्रंप' ठेवली. या एकाच बोलीला जोडीदाराने बोलायचं असतं, आपलं ठरलेलं मोठ्याने सांगायचं असतं, म्हणजे प्रतिस्पर्धी अंधारात राहत नाहीत. मी खणखणीत सांगितलं, "पंधरा ते सतरा."

वहिनीचं बोट पेटीवर थांबलं. मला वाटलं, दमली.

माझ्याकडे सोळा गुण होते. सहाची बोली म्हणजे तेरापैकी बारा हात करायचे, त्याला दोघींचे मिळून तेहतीस गुण लागतात. तिच्याकडे सतरा असले तर जमणार होतं. मी 'चार नो ट्रंप' ठेवली. तिचा अर्थ सगळेच सारखा लावतात: सांगितलेस त्यातले सगळ्यांत जास्त असतील तर सहावर जा, नाहीतर इथेच थांब. दंतवैद्याच्या बायकोने 'पास' ठेवली. वहिनीने पानांकडे पाहिलं, माझ्या डोक्यावरून पाहिलं. फार वेळ गेला. मग तिने हळूच 'सहा नो ट्रंप' ठेवली. म्हणजे सतरा! मला उठून नाचावंसं वाटलं.

नो ट्रंपची बोली पहिल्यांदा तिने केली होती, म्हणून खेळायचं तिने. माझी पानं टेबलावर उघडी झाली, आणि तोंडाला कुलूप. उघडी पानं ज्याची, त्याने चकार शब्द काढायचा नाही असा नियम आहे. माझ्यासारखीला ही शिक्षाच. मी बसल्या बसल्या तिची पानं मोजत गेले. एक्का. आणखी एक एक्का. राजा. राणी. एक गुलाम. झाले चौदा. पुढे सगळी बारकी पानं.

चौदा! बाईने 'एक नो ट्रंप' केली होती ती दादाशी. काउंटरवरच्या चार दुपारी कुठल्या कुठे गेल्या, एकतीस वर्षं तेवढी राहिली. बरं, विसरली तर विसरली. पण मी पंधरा ते सतरा म्हटलं तेव्हाच तिला घोटाळा कळला होता, म्हणून तर बोट थांबलं. मग चारवर थांबली का नाही? थांबली असती तर सगळं निभावलं असतं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! मी आतल्या आत धुमसत होते. त्याहून वाईट म्हणजे, मी दिलेला शब्द मला आठवत होता.

वहिनी मात्र संथपणे खेळत होती. एक हात त्यांच्या एक्क्यावर गेला. उरलेले सगळे हवे होते. शेवटी प्रश्न राहिला चौकटच्या राणीचा. ती डाव्या हाताच्या दंतवैद्याकडे आहे असं धरून वहिनीने माझ्या पानांतला गुलाम खेळला. राणी उजव्या हाताला, त्याच्या बायकोकडे निघाली. बारा हवे होते, अकरा झाले.

दंतवैद्याने वहिनीची पानं उलगडून मोजली आणि पंचांना हाक मारली. पंच म्हणजे भूगोलाचे निवृत्त मास्तर. दंतवैद्य सभ्यपणे म्हणाला की सतरा सांगून चौदा निघाले. मास्तरांनी वहिनीकडे पाहिलं.

"चूक माझी," वहिनी म्हणाली. "मी जुनं धरून बोलले. हिने सांगितल्यावर समजलं. पण जोडीदाराच्या सांगण्यावरून आपली चूक समजली, तर ते ऐकलंच नाही असं धरून खेळायचं असतं. माझ्यापुरतं आमचं बारा ते चौदाच होतं. चौदा म्हणजे सगळ्यांत जास्त. मग सहावर जायलाच हवं."

मास्तर म्हणाले की थांबली असती तर ते गैर ठरलं असतं. थांबली नाही, तेव्हा आता निकाल आहे तो राहील. दंतवैद्याने मान हलवली आणि दोघं उठून गेले. हॉल रिकामा होत होता. आमच्या टेबलावर ऊन अजून होतं.

मला धड रागावता येईना. मी पानं गोळा करत म्हटलं की जमलं नाही, शब्द दिलाय, आता नाही विचारणार. माझा आवाज फुटला. लाज वाटली, पण फुटला.

वहिनीने माझ्या हातातली पानं काढून घेतली आणि लगेच बोलली, आतल्या खोलीत न जाता.

"वर्षभर सगळे मला सांगतायत, ते समोर नाहीत हे मान्य कर. आज पहिल्यांदा नियमच म्हणाला, ते समोर आहेत असं धरून खेळ. किती दिवसांनी खेळले मी! आणि वन्सं, विचारायचं नाही हा शब्द तू दिलायस. मी नाही दिला. पुढच्या शनिवारी येशील?"

'वन्सं' ती मला फक्त चिडवायला म्हणते. ते ऐकूनही वर्ष झालं होतं.

पुढच्या शनिवारी आम्ही त्याच टेबलावर बसलो. दुसऱ्याच वाटपाला तिने पेटीतून 'एक नो ट्रंप' काढून ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं; डोक्यावरून नाही, माझ्याकडे. मी घसा साफ केला. दादा हे शब्द जरा खालच्या सुरात म्हणायचा, मलाही तसेच म्हणता आले.

"बारा ते चौदा."

वहिनीचं बोट थांबलं नाही.