विभूतीचा खांब

नातीचं, अक्षराचं, बारसं झालं ते दोन हजार तेवीस साल. त्याच आठवड्यात खाणीतले साहेब जीप घेऊन आमच्या गावी, चाकूरजवळ, आले.

सोन्याची खाण आमच्या भागात नाही. ती सीमेपलीकडं, कर्नाटकात. उदगीर, देगलूर, कंधारकडची पुष्कळ माणसं पूर्वी तिथं कामाला गेली, तसा मीही गेलो. एकतीस वर्षं पिंजऱ्यात, म्हणजे खाणीच्या लिफ्टमध्ये, उभा राहून जमिनीखाली उतरलो. मी घरी बसल्यावर माझा मुलगा शिवप्रसाद तिथं लागला. त्याला नुकतंच ड्रिल मशीनवर कायम केलं होतं, आणि खाण बंद होणार अशी बोलवाही तेव्हाच उठली होती.

साहेबांचं नाव विरूपाक्ष. माणूस चांगला. मांडी घालून बसले, माझ्या बायकोनं, गौरम्मानं, वाढलेली भाकर आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, मग नकाशा पसरला.

"चंद्रप्पा, खालचं सोनं संपलं. आता उरलंय ते खांबांत."

खांब म्हणजे छत पडू नये म्हणून खोदताना तसाच उभा सोडलेला दगड. त्यातही सोनं असतं, पण त्याला हात लावायचा नसतो. साहेब म्हणाले, काही खांब काढून तिथं सिमेंटचा भराव घातला तर खाण आणखी दहा वर्षं चालेल. सगळ्यात जास्त सोनं जमिनीखालच्या नवव्या मजल्यावरच्या विभूतीच्या खांबात होतं.

"पण त्याला कामगार हात लावत नाहीत. आत शिव आहे म्हणतात. तो तुम्हीच दाखवला म्हणे."

शेजारी कंधारचा ग्यानोबा बसला होता. माझा खाणीतला जोडीदार. बारशाला आलेला, चार दिवस झाले तरी हलला नव्हता. ड्रिलनं कान गेल्यामुळं तो साधं बोलणंही ओरडून बोलतो.

"हाय की शिव! म्या नवस बोललो तवा पोरगं झालं मला."

मी म्हणालो, "ग्यानोबा, विभूती म्या लावली. माझ्याच पिशवीतली."

"आरं तिच्या! मंग माझं पोरगं कुणाच्या किरपेचं?"

"ते घरी कस्तुराबाईला इचारा, भावजी," गौरम्मा चुलीपासून म्हणाली.

सगळे हसले. मला हसू आलं नाही.

खरं असं होतं. चौऱ्याण्णव साली मी त्या खांबावर सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, मारून पाहिली होती. धड दगड टण्ण वाजतो. तो भद वाजला, पिकलेल्या टरबुजासारखा. आत फट होती. मुकादमाला सांगितलं. तो म्हणाला, "तू अंगठेबहाद्दर, तुला दगडातलं काय कळतं?" दुसऱ्या दिवशी मी त्या खांबावर विभूतीचे तीन पट्टे ओढले आणि हात जोडून उभा राहिलो. कुणी विचारलं तर म्हणायचो, इथं शिव बसलाय. माझं कुणी ऐकलं नसतं, शिवाचं ऐकलं. पुढं माणसं रोज विभूती लावायला लागली. एकोणतीस वर्षं त्या खांबाला ड्रिल लागलं नाही.

साहेबांनी कागद पुढं केला. "एवढंच लिहून द्या, की खांबात देव नाही. बाकी आमची यंत्रं बघतील."

सून मंजुषा हिनं मला साठीनंतर लिहायला शिकवलं होतं. मी लिहिलं, ‘त्या खांबात देव नाही. विभूती मी लावली.’ दोन्ही वाक्यं खरी होती. तिसरं वाक्य पेनाच्या टोकाशी आलं होतं, की खांब भद वाजतो. ते लिहिलं असतं तर खाण बंद झाली असती. शिवप्रसाद तेहतीस वर्षांचा, त्याला ड्रिलशिवाय दुसरं काम येत नव्हतं. आणि यंत्रांना माझ्या सब्बलीपेक्षा जास्त कळत असेल, असंही मनात आलं.

"आणखी काही लिहायचंय का?" साहेबांनी विचारलं.

मंजुषा अक्षराला खांद्यावर घेऊन दारात उभी होती.

"न्हाई," मी म्हणालो आणि सही केली.

जीप गेल्यावर गौरम्मा म्हणाली, "अवो, त्यो दगड भद वाजतो म्हनत होतात न्हवं? सांगितलंत का?"

"त्यांच्याकडं यंत्रं हायत."

"म्या यंत्राचं इचारलं न्हाई."

वर्षभरानं मंजुरी आली. चार खांब निघाले, काही झालं नाही. मग विभूतीच्या खांबाची पाळी आली. माझा कागद पिंजऱ्यापाशी भिंतीला चिकटवला होता, तरी कुणी ड्रिल उचलेना. त्या सकाळी शिवप्रसादचा फोन आला.

"आप्पा, समदे भेले हायत. म्हनतात, तुझ्या बापानं बसवला, तूच उठव. पयलं भोक म्याच मारतो. साहेब बी यायलेत खाली."

"विभूती हाय का अजून?"

"हाय की. कालच खाली बघितलं, चांगला बोटभर थर हाय. पर पट्टे मधूनच तुटलेत. अर्धे वर, अर्धे खाली."

पट्टे मी सरळ ओढले होते. दगड सरकला होता.

"थांब शिवा. त्यो खांब भद वाजतो. म्या सोता ऐकलंय."

"आता सांगायलात? तुमच्याच सहीचा कागद हाय हितं."

"सही चुकली माझी."

तो हसला. "देव न्हाई म्हनून लिवलंत, आन आता तुमीच भ्यालात व्हय? पिंजरा आला. ठेवतो."

मी साहेबांना फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावत राहिलो.

आमच्या लिंगायतांत माणूस गेला की त्याला मांडी घालून मातीत बसवतात. शिवप्रसादला तसं बसवता आलं नाही. छत खाली आलं होतं, ढिगारा उपसता येईना, म्हणून तो भाग त्यांनी कायमचा बंद केला.

माझा मुलगा शिवप्रसाद, वय पस्तीस, आणि विरूपाक्ष साहेब, हे दोघं मंगळवारी, अकरा मार्च दोन हजार पंचवीस रोजी सकाळी दहाच्या सुमारास नवव्या मजल्यावर वारले.