जुन्या फॉन्टमधलं प्रकरण

समताचं पत्र दिवाळीच्या सुमारास आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. समता म्हणजे कचरूची मुलगी, सुलतानपूरला शिक्षिका आहे. कचरू आणि मी अमडापूरच्या शाळेत बरोबर शिकवलं. म्हातारपणी त्याची नजर गेली, तेव्हा तो चिखलीला माझ्या घरी येऊन बसायचा, आपली कहाणी सांगायचा आणि मी ती कॉम्प्युटरवर टाइप करायचो. गेल्या वर्षी तो गेला.

तिने लिहिलं होतं, ‘काका, आई गेली तेव्हा मी फार लहान होते. बाबांनी तिच्याविषयी माझ्याजवळ कधीच तोंड उघडलं नाही. तुम्हाला काही सांगितलं असेल तर तेवढं तरी पाठवा. फेब्रुवारीत बाबांचा पहिला स्मृतिदिन आहे.’ खाली पत्ता होता आणि ईमेलही.

सांगितलं होतं. एक अख्खं प्रकरण होतं. पण ते त्याने माझ्यापुरतं सांगितलं होतं की मुलीसाठी, हे मला ठरवता येईना. शिवाय माझ्या टायपिंगच्या चुका तपासायच्या होत्या. एक महिना गेला, मग दुसरा. उशीर झाला म्हणून लिहायची लाज वाटू लागली आणि लाजेपायी आणखी उशीर होत गेला.

जानेवारी संपत आला तेव्हा एकदा मन घट्ट करून मेल करायला बसलो, तर मेलचं पानच उघडेना. ब्राउझर जुना झाला आहे, असं पडद्यावर आलं. नवा उतरवायला गेलो, तर तो म्हणे तुमची विंडोज जुनी आहे. दुकानदाराने सांगितलं, नवी विंडोज या मशीनवर चालणारच नाही, मशीनच बदला. मी आठवडाभर वाचत बसलो. कुणी एका ब्राउझरची भलामण करी, कुणी दुसऱ्याची. मला दोघांचंही पटत होतं.

शेवटी उकंडराव आले. विद्युत मंडळातून निवृत्त झालेले, आता विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सच्या नादी लागलेले. त्यांचा आवाज मोठा आणि कान जड.

“मास्तर, काऊन एवढे भेऊन राह्यले? लिनक्स फुकट हाये. तुमच्या या डबड्यावर घोड्यावानी पयते.”

“माझी एक फाइल आहे,” मी म्हणालो.

“कॉपी केली ना?”

“केली. पेन ड्राइव्हवर.”

“मंग झालं तं!”

त्यांनी स्वतःचा पेन ड्राइव्ह लावून मशीन सुरू केलं. “हे निसतं पेन ड्राइव्हवरून चाललं. तुमच्या डिस्कले अजून हात नाही लावला.” निळसर, स्वच्छ पडदा आला. फायरफॉक्स उघडलं आणि इतके दिवस रुसलेलं मेलचं पान क्षणात समोर आलं. मला इतका आनंद झाला की मी उकंडरावांचा हात दाबला.

“आता पक्कं बसवून टाकतो,” ते म्हणाले.

प्रश्नामागून प्रश्न येत गेले. भाषा कोणती, कळफलक कोणता. उकंडराव वाचायच्या आधीच पुढे जात होते. मग एक प्रश्न आला : डिस्कवरचं सगळं पुसून नवं बसवायचं का?

“आधी फाइल उघडून बघू या का?” मी म्हणालो. ते त्यांना ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणायला हवं होतं. पण माणूस आपल्यासाठी घाम गाळतोय आणि आपण शंका काढायची, हे मला जन्मभर जमलं नाही. बाण सरकत सरकत शेवटच्या बटनावर गेला.

मी त्यांच्या माउसवरच्या हातावर माझा हात ठेवला.

“काय झालं, मास्तर?”

“फाइल,” मी मोठ्याने म्हणालो. “आधी फाइल दाखवा.”

कुरकुरत त्यांनी माझा पेन ड्राइव्ह लावला, फाइल उघडली. पानभर इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं. एकही शब्द लागत नव्हता.

“हे काय लिहून ठेवलं, मास्तर? कचरूभाऊ इंग्रजीत बोलत होते काय?”

आम्ही सगळे शिक्षक मराठी टायपिंग चिखलीच्या एकाच इन्स्टिट्यूटमध्ये शिकलो. तिथल्या पद्धतीत आत इंग्रजी अक्षरंच जातात, त्यांना मराठीचं रूप देतो तो फॉन्ट. मी फाइल जपली, पण फॉन्ट तिच्यात नसतो हे माझ्या ध्यानातच आलं नाही. तो फक्त जुन्या विंडोजमध्ये होता. इन्स्टिट्यूट केव्हाच बंद पडली, सीडीही राहिली नाही.

“असू द्या, फॉन्टचं मंग पाहू,” म्हणत उकंडरावांनी पुन्हा ते बटन समोर आणलं.

“उकंडराव, हात काढा!”

आमच्या सौ. कौशल्याबाई आतून धावत आल्या. “काय हो, वर्गातबी असे कधी वरडले नसान!”

उकंडरावांनी मुकाट्याने लिनक्स बंद केलं, आपला पेन ड्राइव्ह काढून मशीन पुन्हा सुरू केलं. पडदा काळा. कोपऱ्यात एक रेघ लुकलुकत होती, बाकी काही नाही. समताची आई मी अमडापूरला रुजू व्हायच्या आधीच गेली होती, तिचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता, पण तिला या काळ्या पडद्यात मीच ढकललं, असं वाटत राहिलं. ते प्रकरण कुणासाठी सांगितलेलं, हा घोळ मी महिनोन् महिने घालत बसलो होतो. ते गेलं असतं तर कुणाचं गेलं असतं, हे तिथे उभ्या उभ्या कळलं.

“थांबा,” उकंडराव म्हणाले. “तुमचा पेन ड्राइव्ह लागूनच राह्यला. मशीन त्याच्यातच विंडोज धुंडून राह्यली असन.” त्यांनी तो उपसला, बटन दाबलं. बराच वेळ काही नाही. मग विंडोजची ती जुनी खूण उजळली.

फाइल उघडली. ‘ती रोज शाळेच्या फाटकापर्यंत यायची, आत कधी आली नाही,’ कचरू सांगत होता.

“आता याची पीडीएफ करा,” उकंडराव हळू आवाजात म्हणाले. “फॉन्ट तिच्यात चिकटून जाते. मंग कुठंबी उघडा.” फॉन्टही त्यांनी शोधून दोन ठिकाणी ठेवला. चुका तपासायच्या म्हणून मी पानं वर-खाली करू लागलो, तर कौशल्याबाई म्हणाल्या, “राहू द्या चुका. त्या पोरीले काय परीक्षेचा पेपर पाह्याचा हाये?”

दुसऱ्या दिवशी दुकानातून प्रिंट काढली. उकंडराव मोटारसायकल घेऊन बरोबर होते.

“मेल काऊन नाही करत? मिनिटभराचं काम.”

“पत्र कागदावर आलं होतं.”

“अन् लिनक्स? जुनं पुसू ना आता?”

“जुनं राहू द्या. नेट त्यावर नको. नेटसाठी तुमचा पेन ड्राइव्ह लावत जाईन.”

“एका मशीनले दोन दोन संसार!” ते हसले, पण मान हलवली.

पोस्टातल्या बाकावर बसून मी चार ओळी लिहिल्या. ‘चि. समता, उशीर माझा झाला, त्याला कारण नाही. हे तुझ्या आईचं प्रकरण. बाबांचे शब्द जसे टाइप झाले तसे आहेत, मी काही बदललेलं नाही. बाकीची कहाणी मागाहून पाठवतो.’ पाकीट बंद केलं, पुन्हा उघडून पानांचा क्रम पाहिला, पुन्हा बंद केलं.

खिडकीतल्या बाईंनी पाकीट काट्यावर ठेवलं. “स्पीड पोस्ट?”

“हो,” मी म्हणालो. त्यांना ऐकू गेलं नाही म्हणून पुन्हा, मोठ्याने म्हणालो. त्यांनी शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.