गेलेला रस्ता

पहिली थप्पड कानशिलात बसली तेव्हा धर्माला वाटलं, चुकून लागली. दुसरी बसल्यावर कळलं, मारतायत आपल्यालाच.

"म्हाताऱ्या बाईला उडवून पळतोस काय रे? थांब, दाखवतो तुला!" सर्वेशने त्याची कॉलर धरली. सर्वेश सातव्या मजल्यावरचा, जिमला जाणारा, एरवी लिफ्टमध्ये सगळ्यांना गुड मॉर्निंग म्हणणारा सज्जन माणूस.

झालं होतं असं, की चारकोपच्या त्या सोसायटीमागच्या गल्लीत दहा मिनिटांपूर्वी एका सायकलवाल्याने रत्नप्रभाकाकूंना धडक दिली. काकूंचं डोकं फुटलं, त्यांना रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं, आणि सायकलवाला पसार. तेवढ्यात धर्मा मासळीची ऑर्डर घेऊन पुढच्या गेटातून आला. कॅरियरवरच्या डब्यातून सुरमईचं लाल पाणी चाकावर गळत होतं. मग काय! सायकल दिसली, रक्त दिसलं, लोकांना आणखी काय हवं?

"मासळीचा रगत हाय ता! मी त्या गल्लीत गेलोच नाय!"

"पुरावा दाखव!"

आणि नशीब बघा, धर्माकडे खरोखर पुरावा होता. तीस वर्षं होडीवर काढलेला हा कोळी समुद्रात कधी चुकला नाही, पण टॉवरांत हरवायचा. म्हणून लेकीने, कल्पिताने, सायकलच्या हँडलला उपग्रहावरून रस्ता दाखवणारा मीटर बसवून दिला होता. वर रोज शिकवणी. "बाबा, निळी रेघ म्हणजे रूट, जायचा रस्ता. लाल रेघ म्हणजे ट्रॅक, गेलेला रस्ता. वेपॉइंट म्हणजे खूण, जिथे थांबायचं ती."

"रस्ता एकच ना गो? मंग दोन रेघा कशाला?" धर्मा हसायचा, आणि कल्पिता कपाळावर हात मारून घ्यायची.

"ह्या मीटरात बघा!" ओठाचं रक्त पुसत धर्माने बटण दाबलं आणि जे आलं ते अभिमानाने पुढे धरलं. आली ती निळी रेघ, सकाळी कल्पिताने आखून दिलेली. ती नेमकी त्याच गल्लीतून जात होती. गल्लीच्या तोंडाशी टेम्पो आडवा लावलेला पाहून धर्मा बाहेरच्या रस्त्याने वळसा घालून आला होता, पण ते निळ्या रेघेला कुठलं ठाऊक!

"बघा, गल्लीतूनच गेलाय! साला स्वतःच दाखवतोय!"

बिचाऱ्याने आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला. मग कोणी लाथेने, कोणी चपलेने. ज्यांनी रत्नप्रभाकाकूंना जन्मात कधी विचारलं नव्हतं, त्यांनीही हात धुऊन घेतले. वॉचमनची काठी उजव्या मनगटावर बसली आणि हाड मोडल्याचा आवाज धर्माने स्वतःच्या कानांनी ऐकला. डबा उलटला, सुरमई बुटांखाली चिरडली. खाली पडल्या पडल्या त्याचं एकच चाललं होतं, "मी नाय रे, मी नाय."

मासळी घ्यायला खाली आलेल्या कुंदाने कल्पिताला फोन केला म्हणून, नाहीतर त्या दिवशी मेलाच असता.

कल्पिता आली ती रडली नाही. कोपराने गर्दी फोडत आत घुसली, मीटर उपसून घेतला आणि पान बदललं. "निळी मी आखलेली. लाल, बाबा गेला ती. डोळे हायत ना? लाल रेघ गल्लीत शिरलीय काय? बोला ना आता!"

लाल रेघ गल्लीच्या तोंडाशी वळून बाहेरच्या रस्त्याने सरळ गेटापर्यंत आली होती. बघता बघता सगळ्यांना ऑफिसची आठवण झाली.

सर्वेश तेवढा थांबला. "सॉरी काका. पण तुम्ही आधीच ट्रॅक दाखवायचा ना यार."

म्हणजे चूक पुन्हा धर्माचीच! शाबास रे!

कल्पिताने बापाला कठड्यावर बसवलं. "चल बाबा, आधी हॉस्पिटल, मग पोलीस. सगळं यात आहे."

मोडका हात मांडीवर घेऊन धर्मा मीटरकडे बघत होता. "ह्यो आकडा कसला?"

"मूव्हिंग टाइम. चाक फिरलं तेवढाच वेळ. एकतीस मिनिटं. सायकल थांबली की तो थांबतो."

"मंग ह्यांनी मना मारला तेवढा येळ?"

कल्पिताने ओढणीच्या टोकाने त्याच्या ओठावरचं रक्त टिपलं. "तो... तो नाय धरत, बाबा."

धर्मा उठला, डाव्या हाताने सायकल उभी केली, मीटर पुन्हा हँडलला अडकवला. सर्वेश धरायला पुढे झाला तर त्याचा हात बाजूला सारला. वाकडं झालेलं चाक घासत घासत फिरायला लागलं, आणि गेटाबाहेर पडता पडता आकडा बत्तीस झाला.