गोपद्मांची जागा

आषाढी एकादशीपासून कार्तिकी द्वादशीपर्यंत रोज सकाळी दारापुढं तेहतीस गोपद्मं काढायची, त्यांना हळदकुंकू वाहायचं आणि मगच चहाचा घोट घ्यायचा, हे माझं पाच वर्षांचं व्रत. गाईच्या पावलांची रांगोळी, दुसरं काही नाही. यंदाचं पाचवं वर्ष, कार्तिकात उद्यापन. सासूबाईंनी एकच बजावून ठेवलं होतं, दारापुढं सुरू केलं की दारापुढंच संपवायचं, जागा हलवायची नाही.

आमची गल्ली परळीत, वैजनाथाच्या पायऱ्यांच्या खालच्या अंगाला. सोमवार असो की अमावास्या, दर्शनाला येणारा माणूस गाडी आधी आमच्या दारात लावणार. दोन्ही बाजूंनी गाड्या उभ्या राहिल्या की मधून पाण्याची घागर नेणंही अवघड. रिक्षावाले गल्लीच्या तोंडाशीच उतरा म्हणायचे.

त्याचा सगळ्यात जास्त जाच व्हायचा तो शेजारच्या चतुराआक्कांना. त्यांचं एक दिवसाआड डायलिसिस असतं. दवाखाना पार स्टेशनच्या अंगाला. मुलगा पुण्यात, तिकडं चल म्हणतो, पण त्यांचं मन इथून निघत नाही. जाताना त्या कशाबशा चालत रिक्षापर्यंत पोचायच्या. येताना मात्र अंगात जीव उरलेला नसायचा. गल्लीच्या तोंडापासून घरापर्यंत तीनदा बसायच्या, कुणाच्या ओट्यावर, कुणाच्या पायरीवर. दोन वर्षांमागं तर दोन गाड्यांच्या मधून वाट काढताना उघड्या नालीत पाय गेला होता. डायलिसिसची सुई ज्यात टोचतात तो हात वर धरून पडल्या म्हणून तो वाचला, इतकंच.

मागच्या वर्षी कार्तिक सरल्यावर वॉर्डाची बैठक झाली आणि नगरपरिषदेनं ठराव केला. गल्लीच्या एकाच बाजूला पांढऱ्या पट्ट्यांचे बावीस चौकोन आखायचे, गाडी तिथंच लावायची, पावती घ्यायची. गल्लीतल्या माणसाची गाडी असेल तर त्यानं महिन्याचा पास काढायचा. आणि जमलेला पैसा दुसरीकडं कुठं न नेता आमच्याच गल्लीवर खर्च करायचा. पावत्यांचं काम महिला बचत गटाला मिळालं, म्हणजे त्यातल्या पंचशीलाला. स्टेशनमागं राहते, बी.कॉम. झालेली, कामाला चोख. गळ्यात शिट्टी अडकवून दिवसभर उन्हात उभी.

सहा महिन्यांत नालीवर फरश्या पडल्या, दोन दिवे लागले. मग बॅटरीवरची रिक्षा आली. सुग्रीव चालवतो. गल्लीतून एसटी स्टँड, दवाखाना, स्टेशन आणि परत. म्हाताऱ्या-आजाऱ्यांना फुकट, बाकीच्यांना दहा रुपये. गाड्या एका बाजूला गेल्यामुळं ती पार दारापर्यंत येते. पहिल्या दिवशी चतुराआक्का रिक्षातून उतरल्या आणि थेट स्वतःच्या उंबऱ्यात पाय ठेवला. कुठंच न बसता. मला म्हणाल्या, "वत्सला, मला वाटलं मी चुकीच्याच घरी आले."

यंदा आषाढीला मी पाचव्या वर्षाची गोपद्मं सुरू केली. माझ्या दारापुढं दोन चौकोन येतात. गोपद्मं नेमकी त्या दोन्हींत पडली. पंचशीला येणाऱ्या गाड्यांना हात करून पुढं पाठवायची. रांगोळीवर चाक नको म्हणून स्वतः आडवी उभी राहायची. मला मनातून बरं वाटायचं.

आठ-दहा दिवसांत आमच्याच ओळीतल्या, दोन दारं पलीकडच्या राजश्रीच्या दारापुढं रांगोळी दिसली. मग तिच्या शेजारी. मग आणखी दोन दारं. श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी नऊ दारांपुढं रांगोळ्या होत्या. मी भरून पावले. आपलं बघून गल्लीतल्या लेकीसुनांनी चातुर्मासाचं व्रत धरलं, यापेक्षा आणखी काय हवं. मी राजश्रीला बसवून गोपद्म कसं काढायचं ते शिकवलं, माझ्याकडची दगडी रांगोळी पिशवीभर दिली, व्रताची कहाणी सांगितली. ती तोंडाला पदर लावून ऐकत होती. मला वाटलं, लाजतेय.

त्याच आठवड्यात पंचशीला पाण्याची बाटली भरायला आली. तोंड उतरलेलं. मी बस म्हटलं तर ओट्यावर टेकली. रिक्षा श्रावणअखेर बंद होणार होती. सुग्रीवचा पगार आणि बॅटरीचा हप्ता पावत्यांतूनच निघायचा, आणि ऐन श्रावणात, गाड्यांची रांग लागलेली असताना, बावीसपैकी बाराच चौकोन भरत होते. बैठकीत ठरलं होतं की खर्च निघत नसेल तर रिक्षा दुसऱ्या वॉर्डाला द्यायची.

बाराच का, असं मी विचारलं. तिनं बाटली भरून घेतली. पाणी प्याली आणि गेली.

उत्तर मला त्याच दुपारी मिळालं. राजश्रीच्या दारापुढं मी शिकवलेली गोपद्मं अजून ताजी होती. नांदेडकडच्या एका गाडीला त्यांच्यामुळं जागा मिळाली नव्हती. तेवढ्यात राजश्रीचा नवरा आप्पाराव जीप घेऊन आला आणि त्यानं ती सरळ तेहतीसच्या तेहतीस पावलांवर चढवली. उतरला, दार आपटलं आणि जेवायला आत गेला.

मी तडक तिच्या दारात गेले. हे काय, असं राजश्रीला विचारलं. तिला आधी कळेचना मी कशाबद्दल बोलतेय. मग तिला हसू आवरेना. म्हणाली, "अवो काकू, कसलं व्रत? पास काढायला नगं म्हणून हे म्हणले, काकूनी लई भारी युक्ती काढली, तू बी काढ. पंचशीला रांगोळीवर परक्याची गाडी लावू देत न्हाई ना, आन् आमाला काय बोलत बी न्हाई."

सगळ्यांचं तसंच होतं. कुणाला स्वतःच्या मोटारसायकलींना जागा हवी होती, कुणाला दारात परकी गाडी नको होती. आणि ही युक्ती माझी, असं अख्खी गल्ली धरून चालली होती. मी आपली त्यांना कहाणी सांगत बसले होते.

संध्याकाळी पंचशीला घरी निघाली तेव्हा मी तिला थांबवलं. म्हटलं, तुला तर सगळं दिसत होतं, मग मला का बोलली न्हाईस.

तिनं गळ्यातली शिट्टी काढून मुठीत घेतली. मग हळूच म्हणाली, "काकू, तुमचं पाचवं वर्ष हाय, ते मला ठावं होतं. आन् दुसऱ्यांना बोलले असते, तर लोक म्हणले असते, हिला काय त्याचं? हिच्यात कुठं हाय व्रत? रांगोळी पुसा म्हणणारी मी कोण?"

तिचं खरं होतं. तिनं एक शब्द काढला असता तर रिक्षाचा विषय बाजूला पडला असता आणि भलताच पेटला असता. हे बोलायचं तर आमच्यातल्याच कुणीतरी, आणि सुरुवात ज्या दारापासून झाली त्या दारानंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी रांगोळीचा डबा घेऊन मी उंबऱ्याशी उभी राहिले. पाय निघेना. चार वर्षं पुरी झालेली, सासूबाईंचा शब्द, उद्यापनाला तीन महिने राहिलेले. शेवटी मागं वळले आणि परसात तुळशीपुढं, धुणं धुवायच्या दगडाशेजारी, तेहतीस गोपद्मं काढली. पावलं वाकडीतिकडी आली. हात जोडून म्हटलं, देवा, यात काही उणं पडलं असेल तर ते माझ्याकडून घे, चतुराआक्कांकडून नको.

मग दारापुढं आले. दोन्ही चौकोन पाणी टाकून धुतले आणि तिथंच उभी राहिले. एक पांढरी गाडी हळूहळू येत होती. मी इथं लावा म्हटलं. माझा आवाज मुळात लहान, काचेच्या आत काय जाणार? ती पुढं निघाली तशी मी बॉनेटवर हात ठेवला. पंचशीला धावत आली, माझ्याकडं बघितलं, मग धुतलेल्या चौकोनाकडं. पावती फाडली.

आप्पाराव दात घासत दारात आला होता. तोंडातला फेस थुंकून म्हणाला, "काकू, तुमीच असं केल्यावर आमी काय करायचं?"

"पास काढायचा."

"म्हंजे व्रत मोडलं म्हणा की."

"माझं मोडलं असंल तर मी बघून घेईन," मी म्हटलं. "तुमचं कोणतं हाय, तेवढं सांगा. मी कहाणी सांगायला येते."

आतून राजश्रीच्या हसण्याचा आवाज आला. आप्पाराव आत गेला. अर्ध्या तासानं राजश्री बादली घेऊन बाहेर आली आणि तिनं दारापुढचं सगळं धुऊन टाकलं. नवऱ्याला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, रोज वाकून वाकून माझीच कंबर धरती, जीप यांची.

लगेच सगळं सुधारलं असं नाही. तिसऱ्या सोमवारपर्यंत सहा दारं मोकळी झाली. दोघी माझ्याशी बोलेनाशा झाल्या, अजून बोलत नाहीत. कोपऱ्यावरच्या घरात मात्र खरोखरच व्रत होतं. ती सून बिचारी रडवेली होऊन विचारायला आली, तर पंचशीलाच तिला म्हणाली, ताई, तुमी काढा, एका चौकोनानं काय बिघडत न्हाई. आप्पारावनं पास काढला, पण चार दिवस जीप मुद्दाम आडवी लावत होता.

श्रावण संपताना बैठक झाली. रिक्षा दिवाळीपर्यंत राहील, पुढचं पुढं बघू, असं ठरलं. एवढंच. तरी मी घरी येऊन देवापुढं साखर ठेवली.

परवा आक्कांसोबत जायला कुणी नव्हतं म्हणून मीच दवाखान्यात गेले. येताना त्या रिक्षात डोळे मिटून होत्या, हाताला पट्टी, ओठ कोरडे. खड्डा आला की सुग्रीव आपोआप हळू व्हायचा. गल्लीत शिरल्यावर त्यांनी डोळे उघडले. या सगळ्यातलं त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं, मीही नाही. आमच्या दोघींच्या दारांमध्ये रिक्षा थांबली तशी त्यांची नजर माझ्या दाराकडं गेली. तिथं लातूरकडची एक मोठी काळी गाडी उभी होती, दारातलं जोतंसुद्धा दिसत नव्हतं.

"अगं वत्सला," त्या कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "कुणाची गं ती, पार तुझ्या दारात? तू लई गरीब बाई. हाकल की तिला."

"असू द्या आक्का," मी म्हटलं आणि त्यांना उतरायला हात दिला. "पावती घेतलीय तिनं."