भोपळ्याचा ताप

रांगेत पुढं घुसण्यावरून भांडणं सगळीकडंच होतात. निपाणीपासून चार मैलांवरच्या त्या गावात मात्र शनिवारी संध्याकाळी रांगेत मागं राहण्यावरून जुंपली होती. दूध सोसायटीच्या हॉलात पाय ठेवायला जागा नव्हती आणि जो तो दुसऱ्याला "तुम्ही व्हा की पुढं" म्हणून ढकलत होता.

कारण होतं अचलज्योती महाराजांची पितळी पेटी. पेटीला मागून वायर, वर एक छोटा बल्ब. रोग्यानं पेटीवर तळहात टेकायचा, महाराजांनी मंत्र पुटपुटायचा. सहाला शिवारात शेतीपंपांचं थ्री-फेज आलं, की पाण्याच्या शे-दीडशे मोटारी एकदम सुरू होत आणि गावातले दिवे मरगळत, मग पुन्हा भडकत. हॉलातली लाईटसुद्धा तशीच नाचे. महाराजांचा बल्ब मात्र चित्रात काढल्यासारखा शांत. आणि हाताखालची पेटी हळूहळू तापत जाई.

"तार तीच, लाईट तीच," महाराज डोळे मिटून सांगत, "पण आमच्या दारात आली की शहाणी होती. ज्योत थिर, म्हंजे रोग सुटला. पेटी तापली, म्हंजे रोग आत उतरला. मग गोळ्या कुणासाठी गिळायच्या?"

शेजारी परात होती. बरा झालेल्यानं आपल्या गोळ्या तीत टाकायच्या. पहिल्या माणसाला पेटी कोमट लागे, विसाव्याला चटका बसे. शेवटच्याचा रोग मुळासकट निघतो, असं गावानं आपणच ठरवून टाकलं होतं.

दहावीतली सुविधा दाराशी उभी होती, म्हणजे उभी राहायचा प्रयत्न करत होती. या पायावरून त्या पायावर, नखं कुरतडत. काखेत स्टीलचा डबा, आणि नजर रांगेतल्या आईवर. आईच्या, म्हणजे मंगलच्या, मुठीत परातीत टाकायला आणलेलं फिटच्या गोळ्यांचं पाकीट होतं.

दोन वर्षांत मंगलला एकदाही फिट आली नव्हती. गोळी एकदम सोडली तर काय होईल, हे निपाणीच्या डॉक्टरांनी सुविधासमोर सांगितलं होतं. तेव्हापासून आई विहिरीवर गेली तरी सुविधा मागोमाग जाई. तिनं चार दिवस समजावलं, रडून पाहिलं, अबोला धरला. शेवटी मंगल एवढंच म्हणाली होती, "वखारीत तंबाखू निवडताना अजून बायका माझ्यापासनं सरकून बसत्यात गं. एकदा तरी कुणीतरी मला बरी झालीस म्हणू दे."

सुविधाकडं होता फक्त एक भाजलेला अंगठा.

अंगठा भाजला होता विज्ञान प्रदर्शनाच्या तयारीत. बेळगावच्या खडेबाजारातून तिनं मराठी, कन्नड, हिंदी अशा तिन्ही भाषांत घासाघीस करून सुटे भाग आणले होते. कमी-जास्त होणाऱ्या व्होल्टेजवरही एकसारखा जळणारा दिवा तिला करायचा होता. विज्ञानाच्या दीपंकर सरांच्या देखरेखीखाली जोडणी झाली, दिवा लागला, आणि आनंदाच्या भरात तिनं जोडणीतला इवलासा ट्रान्झिस्टर चिमटीत धरला. त्या चटक्यासरशी तिला महाराजांची पेटी आठवली होती, आणि तिनं सगळी जोडणी एका स्टीलच्या डब्यात बसवली होती.

आता मंगलच्या पुढं दोनच माणसं उरली. सुविधाचे पाय तिच्या मनाआधीच निघाले. वाटेत भाविकांनी वाहिलेल्या ढिगातून तिनं एक तांबडा भोपळा उचलला आणि थेट महाराजांसमोर जाऊन बसली. बसली तरी गुडघा हलतच होता.

तिनं डबा आधी भरमूअण्णांच्या हातात दिला. भरमूअण्णा सोसायटीचे चेअरमन. महाराजांना त्यांनीच आणलं होतं.

"अण्णा, गार हाय का बघा."

"गार हाय की. जेवाण आणलंस व्हय?"

लोक हसले. सुविधानं डब्याची वायर महाराजांच्याच बोर्डात खुपसली आणि डब्यावर भोपळा ठेवला. डब्याच्या कडेचा बल्ब लागला. वर हॉलातली लाईट खाली-वर होत होती. खाली दोन बल्ब तेवत होते, दोन्ही निश्चल. पाच मिनिटं कुणी हललं नाही, एक सुविधाचा गुडघा सोडून. मग तिनं भोपळा उचलला.

"आता डब्याला हात लावा, अण्णा."

अण्णांनी हात लावला आणि झटकन मागं घेतला.

"महाराज, ह्या भोपळ्याला कसला रोग झालता?" सुविधानं विचारलं.

महाराज कसलेले होते. "भोपळ्यालाबी कीड असती, बाळ," ते गोड हसले.

"असंल. मग वीट ठिवू?"

आधी एक म्हातारी फिस्सकन हसली, मग सगळा हॉल. महाराज म्हणाले, पेटीला संशयाचा वारा लागला, आता ती बंद केली पाहिजे. पण भरमूअण्णांनी वायर उपसून पेटी ओढून घेतली आणि खिशातल्या नाण्यानं तिचे स्क्रू सोडवले. उघडेल त्याचे डोळे जातील, असं महाराज बजावत राहिले. अण्णा डोळे फाडून आत बघत होते.

सुविधानं वायर काढून डबाही उघडला. दोन्हीकडं तेच संसाराचं सामान. ट्रान्सफॉर्मर विजेचा दाब उतरवतो, चार डायोड तिला एका दिशेनं वळवतात, कपॅसिटर तिचे हेलकावे भरून काढतो. झेनर डायोड नावाचा इवलासा तुकडा मर्यादा आखून देतो आणि ट्रान्झिस्टर बल्बापुरतंच व्होल्टेज पुढं सोडतो. उरलेल्याची उष्णता होते, म्हणून तो तापतो. पितळेला चिकटवला की पितळही तापतं.

"पेटी जितका वेळ चालू, तितकी गरम," ती म्हणाली. "म्हणून शेवटच्याला चटका. रोगाचा काय संबंध न्हाई."

लोक परातीभोवती आपापल्या गोळ्या शोधू लागले. त्या गडबडीत महाराज मागच्या दारानं गेले, पेटी सोडून.

मंगल जागची हलली नव्हती. चेहरा उतरला होता. "म्हंजे मी काय बरी हुणार न्हाई," ती पुटपुटली.

"आये, दोन वर्षं तू पडली न्हाईस. ते ह्या पेटीनं केलं का त्या पाकिटानं?" सुविधानं तिच्या मुठीकडं बोट दाखवलं. "तूच सांग."

मंगलनं मूठ उघडून पाकिटाकडं पाहिलं. मग हॉलातल्या माठातून पेला भरून घेतला आणि सगळ्या बायकांदेखत गोळी गिळली. कुणीही सरकून बसलं नाही.

सुविधाचा गुडघा तेव्हा कुठं थांबला.

चमत्कार दिसला की हात जोडायची घाई करू नका. माणसाच्या जागी आधी एक भोपळा ठेवून बघा. त्यालाही गुण आला तर पेटी उघडा, आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी त्यांना विचारल्याशिवाय सोडू नका.